नसत्या चौकशा

फाइलींची खिडकी उघडली की तिच्या माथ्यावर, पत्त्याच्या पट्टीत, एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागते. सुरुवात मोठी झोकात होते. पाऊण पट्टी ती एका दमात कापते. मग तिला काहीतरी आठवतं आणि ती थबकते. उरलेल्या पाव पट्टीला जो वेळ लागतो त्यात आमच्या बुऱ्हाणपुरात माणूस जिना उतरून, चौकात जाऊन, पावशेर मावा जिलेबी संपवून, हात धुऊन पुन्हा जागेवर येऊन बसतो. रेघ तिथंच असते. मावा जिलेबी हे इथं वेळ मोजायचं मान्यताप्राप्त माप आहे, तेव्हा हे विधान कुणी थट्टेवारी नेऊ नये.

मी उतारवयात ज्या कचेरीत बसतो ती एका कर-सल्लागारांची. मध्य प्रदेशात कर-सल्लागाराला सगळे वकीलसाहेब म्हणतात. त्याने कोर्टाची पायरी पाहिलेली असो वा नसो. आमच्या वकीलसाहेबांचे पक्षकार म्हणजे पॉवरलूमवाले, सुताचे व्यापारी, सायझिंगवाले, केळीचे आडते, शाहपूरकडचे ट्रकमालक. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतावर निमाडी आणि हिशेब जुळला नाही की तिन्ही एकदम, असा इथला कारभार. पूर्वी प्रत्येक पक्षकाराचा एक बस्ता असे. लाल कापड, वर गाठ, गाठीत खोचलेली नावाची चिठ्ठी. "शाहपूरवाल्यांचा बस्ता" एवढं म्हटलं की मुनीमजी माळ्यावर चढत आणि बस्ता आणून समोर ठेवत. आत काय आहे, किती कागद आहेत, त्यांतले पिवळे किती न् पांढरे किती, हे त्यांनी उभ्या नोकरीत विचारलं नाही. गाठ सोडणं वकीलसाहेबांचं काम, आणून देणं मुनीमजींचं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हळूहळू बस्ते जाऊन डबा आला. जाडजूड पंचांगाएवढा काळा डबा, पोटात दोन हार्डडिस्क, पाठीमागे एक निळी वायर. तो इन्व्हर्टरच्या खोलीत असतो, आणि कचेरीतल्या प्रत्येक संगणकावर 'झेड ड्राइव्ह' या नावाने दिसतो. सगळ्यांचे सगळे कागद त्यात. एरवी त्याच्याकडे कुणी पाहत नाही. महिन्याची वीस तारीख जवळ आली की विवरणपत्रं भरायची असतात आणि सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडतात.

तो हळू चालायला लागला तेव्हा निदानांना तोटा नव्हता. बाजूचे लूम सुरू झाले की व्होल्टेज पडतं, हे पहिलं निदान. बुऱ्हाणपुरात दातदुखीपासून कशाचंही पहिलं निदान हेच असतं. व्हायरस हे दुसरं. डब्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीची गरमी लागते, हे चहावाल्याचं. सगळ्यात खर्चिक निदान खुद्द वकीलसाहेबांनी केलं. त्यांनी इंटरनेटचा प्लॅन दुप्पट वेगाचा घेतला. आता डबा त्या खोलीत, संगणक या खोलीत, मधे एक भिंत आणि बारा-पंधरा हात वायर. या प्रवासात इंटरनेटचा काडीचाही संबंध येत नाही. रस्त्यावरची केबल कापून टाकली तरी झेड उघडायला हवा. पण पैसे भरले की मनाला बरं वाटतं. चार दिवस ती रेघसुद्धा सगळ्यांना जरा चपळ वाटली.

शेवटी संगणक दुरुस्त करणारा पोरगा आला. हा मुलगा मला काकाजी म्हणतो आणि यंत्रांना 'हा', 'ती' असं माणसासारखं बोलतो. त्याने थोडा वेळ रेघेकडे पाहिलं, मग एक काळी खिडकी उघडली. रंग नाही, चित्र नाही, नुसतं लुकलुकणारं शेपूट. तीत त्याने झेडवरच्या त्याच फोल्डरचा पत्ता दिला, 'डीआयआर' अशी तीन अक्षरं टाइप केली आणि बोट दाबलं. तीन हजार फाइलींची नावं सरसर वर धावत गेली. चहाचा घोट घ्यायलाही उसंत मिळाली नाही. शेजारच्या रंगीत खिडकीत तेच फोल्डर अजून उघडतच होतं.

"वायर ठीक, डबा ठीक," तो म्हणाला. "काकाजी, तुमची ही खिडकीच पंचायती आहे."

याहून नेमकं निदान मी डॉक्टरांकडूनही ऐकलेलं नाही. काळ्या खिडकीने डब्याकडे एकच गोष्ट मागितली: यादी. यादी द्यायला डबा कधीच कंटाळत नाही. तो ती गठ्ठ्यागठ्ठ्याने देतो. एकेका खेपेत शेकडो नावं, त्यांचे आकार, तारखा, सगळं. रंगीत खिडकी, म्हणजे विंडोजचा फाइल एक्सप्लोरर, आधी तेच मागतो. इथवर दोघं सारखे. पण यादी हाती आल्यावर एक्सप्लोररला स्वस्थ बसवत नाही. तो एकेका फाइलीचं दार वाजवतो. तू दिसतेस कशी? तुझं छोटं चित्र करून लावू का? तुझ्या नावापुढे कुठलं चिन्ह शोभेल? तुझी लांबी, रुंदी, कर्ता, विषय? या फोल्डरची सजावट कशी हवी ते लिहून ठेवलेली एखादी लपवलेली फाइल इथं आहे का? यांतलं आपण काहीच विचारलेलं नसतं. आपल्याला मार्च महिन्याचं एक बिल हवं असतं.

फाइली स्वतःच्याच संगणकात असतील तर या भोचकपणाचा पत्ताही लागत नाही. प्रश्न आणि उत्तर एकाच घरात. फाइली वायरीपलीकडे असल्या की प्रत्येक प्रश्नाला जाणं-येणं आलं. हिशेब मला आवडतो म्हणून करून दाखवतो. फाइली ३०००, आणि प्रत्येकीसाठी उघडणं, वाचणं, मिटणं अशा निदान ३ खेपा धरा. झाल्या ९००० खेपा. चांगल्या वायरीवर एका खेपेला अर्धा मिलिसेकंद धरला तर साडेचार सेकंद. वाय-फायवर पाच मिलिसेकंद धरले तर पाऊण मिनिट. आमच्या वकीलसाहेबांचा मुलगा पुण्याला असतो आणि अधूनमधून तिथून व्हीपीएनने हाच डबा उघडतो. त्याच्या खेपेला चाळीस मिलिसेकंद धरले तर सहा मिनिटं. फाइली त्याच, डबा तोच. आणि ही सहा मिनिटं वेगाचा प्लॅन दुप्पट करून तीन होत नाहीत. प्लॅनने एका खेपेत जास्त माल येतो, खेप लवकर परतत नाही. एका प्रश्नाचं उत्तर आल्याखेरीज पुढचा प्रश्न निघायचाच नाही, असा जिथं रिवाज आहे तिथं रुंदी कितीही वाढवा.

असल्या रिवाजाची बुऱ्हाणपूरला जुनी ओळख आहे. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला, जहांगीरच्या दरबारी निघाला होता आणि वाटेत इथं थांबला. तेव्हा इथं शाहजादा परवेझ नावाचा सुभेदार होता. खरी सत्ता अब्दुर्रहीम खानखानाच्या हाती. रोला मागायचं होतं फार थोडं: इथं इंग्रजांना वखार घालायची परवानगी. पण दरबारात मागणीच्या आधी चौकशा. पाहुण्याने मुजरा कसा करावा? रोने जमिनीला डोकं टेकायला नकार दिला. वर, शाहजाद्याजवळ येऊन बोलू का? नाही. मग निदान खुर्ची? तीही नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर चांदीने मढवलेल्या एका खांबाला टेकून उभं राहायची मुभा मिळाली. उरलेलं बोलणं खासगीत करू, असं शाहजाद्याने सांगितलं आणि रोने भेट दिलेल्या वस्तू आत गेल्या. त्यांत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. रो बोलावण्याची वाट पाहत राहिला. बोलावणं आलं नाही. बाटल्यांनी आपलं काम केलं होतं, आणि शाहजाद्याला भेटता येणार नाही असा निरोप घेऊन एक अधिकारी आला. 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरं खिडकीच्या माथ्यावर उमटतात आणि सगळं पांढरं पडतं, तेव्हा मला परवेझची आठवण येते. बिचारा १६२६ मध्ये इथंच वारला. तेही दारूनेच.

तर चौकशा. संगणकांनी एकमेकांच्या फाइली मागायची जी बोली आहे ती एसएमबी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फाइगेनबॉम यांनी ती घडवली. तेव्हाचे संगणक एकाच मजल्यावर, एकाच वायरीवर असत, त्यामुळे बोली भारी बडबडी निघाली. पुढे तिच्यात शंभरावर निरनिराळे हुकूम जमा झाले. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर तिची दुसरी आवृत्ती आली आणि हुकूम एकोणीसवर आले. शिवाय एका दमात चार गोष्टी विचारायची सोय झाली. व्हिस्टाबद्दल लोक फार वाईट बोलतात, पण एवढ्या एका गोष्टीसाठी तिला मी नमस्कार करतो. पहिली आवृत्ती मात्र जुन्या डब्यांत आणि जुन्या स्कॅनरांत कितीतरी वर्षं रेंगाळली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या किड्याने तिच्यातल्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा कुठे लोकांनी तिला निरोप द्यायला सुरुवात केली. डबा घेताना तो नवी बोली बोलतो ना, एवढं विचारून घ्यावं. किंमत त्यानंतर विचारावी.

आमच्या डब्याच्या पोटात, बहुतेक अशा डब्यांत असतो तसा, सांबा आहे. कॅनबेरातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास विद्यार्थिदशेत लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम. तो विंडोजच्या संगणकांना ही एसएमबी बोली बोलून दाखवतो आणि आपण लिनक्स आहोत याचा पत्ता लागू देत नाही. 'शोले'तल्या सांबाने उंच दगडावर बसून दिलेलं एकच उत्तर लोकांच्या लक्षात आहे. इन्व्हर्टरच्या खोलीतल्या आमच्या सांबाकडून एका फोल्डरपायी नऊ हजार उत्तरं घेतली जात होती, आणि वर त्यालाच हळू म्हणत होते.

पण एक्सप्लोरर आमच्याच फोल्डरवर एवढा का घसरला? बाकी फोल्डरं बऱ्यापैकी उघडायची. पोरगा त्याच्या गुणधर्मांत शिरला आणि हसायला लागला. प्रकार असा होता. आमचे सेठलोक बिलं पाठवतात ती व्हॉट्सॲपवर, फोनने फोटो काढून. कुणी गादीवर बिल ठेवून काढलेला फोटो, कुणी केळीच्या घडावर ठेवून. कोपऱ्यात अंगठा सगळ्यांचाच. ते तसेच्या तसे सगळ्या पक्षकारांच्या एकाच फोल्डरात जातात. विंडोजला सवय अशी की फोल्डरात बहुतांशी काय आहे ते पाहून त्याची जात ठरवायची: कागदपत्रं, गाणी, चित्रफिती की फोटो. इथं तीन हजार फोटो दिसल्यावर तिने ठरवलं की हा कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम आहे. आणि अल्बम म्हटल्यावर फोटो कधी काढला त्या तारखेप्रमाणे लावायला नको का? तेव्हा प्रत्येक बिलाला विचारायचं: बाई गं, तुझा फोटो कधी काढला?

यातली खरी गंमत पुढेच आहे. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याच्या पोटातली ही सगळी माहिती, म्हणजे कॅमेरा कुठला, काढला कधी, कुठे, पुसून टाकतो. म्हणजे सुताचं बिल, सायझिंगचं बिल, खताचं, डिझेलचं, एकेकाला उठवून एक्सप्लोरर तारीख विचारत होता, आणि एकाही बिलाला ती ठाऊक नव्हती. वर फोटो आल्याचा दिवस फाइलीच्या नावातच लिहिलेला: आयएमजी, मग वर्ष-महिना-दिवस, मग डब्ल्यूए आणि आकडा. यादीबरोबर तो आधीच हाती आलेला. कुणी वाचायचं?

उपाय निघाला तो अगदी बारका. फोल्डरवर उजवं बटण, गुणधर्म, 'कस्टमाइझ' नावाची पाटी, तिथं 'पिक्चर्स'च्या जागी 'जनरल आयटम्स', आणि खालच्या सगळ्या फोल्डरांनाही हेच लागू करा अशी खूण. हा अल्बम नाही, नुसतं सामान आहे, एवढंच सांगायचं. ते सांगितलं आणि खिडकी बंद करून पुन्हा उघडली तर रेघ इतक्या झटकन गेली की वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पोरगा आता रंगात आला होता, आणि आपल्याकडे कुंडी भंडाऱ्याचं रक्त आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गावाबाहेर सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत मुरणारं पाणी खोल बोगद्याने, नुसत्या उताराच्या जोरावर, गावात आणायची ही मुघलांची योजना. काळ १६१५ चा मानतात, म्हणजे रो ज्या साली आला तेच; करवून घेणारा खानखाना, आणि जागा हेरणारा तबकुतुल अर्ज नावाचा इराणी जाणकार. बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरींसारखी उभी तोंडं आहेत, शंभराहून जास्त. त्याच कुंड्या. एका कुंडीतून आता लिफ्टने ऐंशी फूट खाली जाता येतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले असतात, पाण्यातल्या कॅल्शियमचे, आणि वर्षागणिक वाट अरुंद होत जाते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं, तेव्हापासून पाहुण्यांना तिथं नेणं सक्तीचं झालं आहे. या कुंड्या नुसत्या हवेसाठी नाहीत. गावात पाणी कमी आलं तर सबंध बोगदा उकरायचा नाही; एका कुंडीत उतरायचं, पाणी आहे का बघायचं, मग पुढच्या कुंडीत. ज्या दोन कुंड्यांमध्ये फरक दिसेल तिथं कचरा.

पोरगा नेमका तेच करत सुटला. आधी एक मोठी फाइल डब्यावरून संगणकात आणून पाहिली: सेकंदाला अकरा मेगाबाइट, त्याच्या वर काटा जाईना. मग डब्याच्या शेजारी बसून, आपल्या लॅपटॉपला नवी वायर लावून तीच फाइल आणली. ती दहापट भरकन आली. म्हणजे त्यानेच आधी ठीक ठरवलेल्या वायरीत कचरा. निळ्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. हजार मेगाबिटच्या वेगाला चारही लागतात, शंभराला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की दोन्ही टोकं आपसांत समजूत करून घेतात आणि तक्रार न करता शंभरावर येतात. भिंतीच्या भोकाशी उंदराने एक जोडी फस्त केली होती. मुकाट्याने तडजोड करणारी यंत्रं शोधायला सगळ्यात अवघड, असं माझं मत झालं आहे. ओरडणारी परवडली.

डब्यातल्या डिस्का जेवणाच्या सुट्टीत झोपतात आणि पहिल्या हाकेला उठायला काही सेकंद घेतात, हेही कळलं. ते मी आक्षेपार्ह मानलं नाही. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल इकडूनही तपासत होता आणि डब्यातूनही. त्याला एकीकडे बसवलं.

मग निघाला वाय ड्राइव्ह. एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला, झेडच्या वर, लाल फुली मारलेला हा वाय कित्येक वर्षं होता. डबा यायच्या आधी एका जुन्या संगणकावर कागद असत, त्याचं हे दार. तो संगणक भंगारवाल्याने वजनावर नेला; त्याची पेटी मी स्वतः इतवाऱ्यात एका दुकानात कबुतरांचं खुराडं म्हणून पाहिली आहे. पण आमचे संगणक ऐकायला तयार नव्हते. रोज सकाळी आणि मधूनमधून ते त्याला हाक मारायचे, उत्तराची वाट बघायचे, काही सेकंद खिडकी गोठायची, मग हळहळून पुढच्या कामाला लागायचे. 'क्विक ॲक्सेस'च्या यादीत अलीकडे उघडलेल्या म्हणून ज्या फाइली टाचलेल्या होत्या त्यांतल्याही काही त्याच पत्त्यावरच्या. वायवर उजवं बटण दाबून 'डिस्कनेक्ट' म्हणायचं, एवढंच काम. तेवढं कुणी का केलं नाही? वकीलसाहेब म्हणाले, "असू दे, जुनं काही लागलं तर." पोरग्याने त्यांच्या डोळ्यांदेखत वाय काढला. साहेब थोडा वेळ गप्प होते.

पुण्याच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या चाळीस मिलिसेकंदांना कुणी काही करू शकत नाही. तो भूगोल आहे. त्याच्याकडे मॅक आहे, आणि मॅकचा फाइंडर जिथं जिथं जातो तिथं आपली एक लपवलेली फाइल टाकून येतो; आमच्या झेडवर जागोजाग 'डीएस स्टोअर' नावाची ही पिल्लं सापडली. मॅकला नेटवर्कवर ती टाकू नकोस असं बजावता येतं. लिनक्सवाल्यांनी हा प्रश्न सगळ्यात समजूतदारपणे सोडवला आहे: त्यांच्या फाइलींच्या खिडकीत छोट्या चित्रांसाठी आणि फोल्डरात किती वस्तू आहेत ते मोजण्यासाठी 'फक्त या संगणकावरच्या' असा पर्याय ठेवलेला असतो. घरच्यांची कर चौकशी, परक्यांची नको. मुलाला मात्र पोरग्याने सांगितलं, "भैया, फाइली तिकडे ओढूच नका. इथला एक संगणक दुरून चालवा." तेव्हापासून तो रिमोट डेस्कटॉपने इथल्याच संगणकात बसतो, चौकशा सगळ्या इथल्या इथं होतात, पुण्याला जातं ते फक्त पडद्याचं दृश्य. पुण्यात बसून बुऱ्हाणपुरात असल्यासारखं काम करायचं, याचं त्याच्या आईला फार समाधान आहे.

जाता जाता पोरग्याने छोटी चित्रंही बंद केली. फोल्डरांच्या पर्यायांत 'नेहमी चिन्हं दाखवा, चित्रं कधीच नको' अशा अर्थाची एक चौकट असते, तिथं खूण. त्याच्या दृष्टीने रोगी पूर्ण बरा झाला. मजुरी घेऊन तो गेला, वकीलसाहेबांनी कचेरीला मावा जिलेबी मागवली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नोंदी करणारी मुलगी आली, तिने झेड उघडला आणि एकदम ओरडली, "काका, चित्रं कुठं गेली?"

झेड तर पापणी लवायच्या आत उघडला होता. पण समोर तीन हजार एकसारखी निळी चिन्हं, आणि खाली तीन हजार एकसारखी नावं, आयएमजी अमुक डब्ल्यूए तमुक. ती आजवर बिलं चेहऱ्याने ओळखायची. गुलाबी कागद म्हणजे सुतवाले, पिवळा म्हणजे सायझिंग, चहाचा डाग पडलेलं म्हणजे लालबागचे सेठजी, अंगठा फार मोठा आला असेल तर शाहपूरचे. एक्सप्लोररच्या त्या भोचकपणावर कुणाचं तरी काम चाललेलं होतं, हे पोरग्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. तिच्या एका संगणकावर चित्रं पुन्हा सुरू केली. नव्या वायरीवर, अल्बमची समजूत काढून टाकल्यावर, ती आता बऱ्यापैकी भरभर उमटतात.

पण वकीलसाहेबांना हे तात्पुरतं वाटलं. मुळात फाइलीला नाव हवं, असं त्यांनी ठरवलं. तीन हजार नावं कोण देणार यावर कचेरीत दोन दिवस चर्चा झाली, आणि ती चर्चा माझ्या टेबलाकडे सरकते आहे असं दिसताच मी सुचवलं की ज्याचं बिल त्याने नाव द्यावं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं की दिलेलं नाव तसंच राहतं, कागदही जास्त स्वच्छ येतो. साहेबांना पटलं. सगळ्या पक्षकारांना निरोप गेला: यापुढे प्रत्येक बिलाला व्यवस्थित नाव द्या, महिना घाला, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पहिलं उत्तर लालबागच्या सेठजींचं आलं. त्यांनी महिन्याभराच्या सगळ्या बिलांची नावं एका कागदावर, अनुक्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात लिहिली होती, आणि त्या कागदाचा फोटो काढून पाठवला होता.